हिरडीत अकरा महिने राहिलेले सिमेंट: एका इम्प्लांटचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

रुग्ण ५४ वर्षांच्या शिक्षिका, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या. ओळख पटेल असा बाकीचा तपशील गाळला आहे. सात वर्षांपासून मधुमेह, गोळ्या चालू, एचबीए१सी (मागच्या तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी) ७.४ टक्के. तंबाखू किंवा मिश्रीची सवय कधीच नव्हती. दात दिवसातून दोनदा घासत होत्या आणि इतर दातांभोवतीच्या हिरड्या वयाच्या मानाने चांगल्या होत्या. ही शेवटची नोंद पुढे फार महत्त्वाची ठरली.

उजवीकडची खालची पहिली मोठी दाढ रूट कॅनल होऊनही उभी चिरली होती, म्हणून काढावी लागली. चार महिन्यांनी त्या जागी ४.२ मिमी व्यासाचा, १० मिमी लांबीचा टायटॅनियमचा इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवायचे स्क्रूसारखे कृत्रिम मूळ, बसवला. साडेतीन महिन्यांनी त्यावर अ‍ॅबटमेंट, म्हणजे स्क्रूने घट्ट होणारा खुंट आला आणि खुंटावर सिरॅमिकचा थर असलेली धातूची कॅप सिमेंटने चिकटवली. खुंट कंपनीकडून तयार आलेला होता. अशा खुंटाचा काठ चहूबाजूंनी एकाच पातळीत असतो. हिरडी मात्र तशी नसते, ती कुठे उंच तर कुठे सखल असते. या रुग्णात जिभेच्या बाजूची हिरडी जाड होती. त्यामुळे कॅप आणि खुंट यांचा सांधा त्या बाजूला हिरडीच्या कडेपासून सुमारे ३ मिमी खाली गेला.

कॅप बसवली त्या दिवशी सगळे व्यवस्थित वाटले. चावा जुळला, बाहेर आलेले सिमेंट पुसले, फ्लॉस फिरवला. एक्स-रे मात्र काढला नाही.

तक्रार

पाचव्या आठवड्यात ब्रश करताना रक्त दिसू लागले. रुग्णाचे शब्द नोंदीत तसेच आहेत: “त्याच एका दाढेपाशी रक्त येतं, बाकी कुठे नाही. आणि सकाळी उठल्यावर तोंडाला खारट चव असते.” दुखत नव्हते, चावताना त्रास नव्हता, कॅप हलत नव्हती.

दुसऱ्या महिन्यात रुग्ण पहिल्या डॉक्टरांकडे, म्हणजे कॅप बसवणाऱ्यांकडे, परत गेल्या. उत्तर मिळाले, “मॅडम, शुगर आहे ना, त्यामुळे हिरडी सुजते.” अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिडच्या प्रतिजैविक गोळ्या पाच दिवस आणि क्लोरहेक्सिडिनच्या जंतुनाशक गुळण्या दिल्या. आठवडाभरात सूज उतरली, तीन आठवड्यांत परत आली. पाचव्या महिन्यात मेट्रोनिडॅझोल, तोच अनुभव. आठव्या महिन्यात डॉक्सिसायक्लिन आणि जोडीला स्केलिंग, म्हणजे हत्याराने खरवडून सफाई. या वेळी महिनाभर बरे वाटले आणि मग जिभेच्या बाजूने बोट दाबले की पू येऊ लागला.

मधल्या काळात रुग्णाने मधुमेहाच्या डॉक्टरांकडे जाऊन गोळ्यांची मात्रा वाढवून घेतली, भात सोडला. एचबीए१सी ६.९ वर आले, पण हिरडी होती तशीच राहिली. अकराव्या महिन्यात त्यांना हिरडीतज्ज्ञांकडे पाठवण्यात आले.

पहिला निर्णयबिंदू: खापर कशावर फोडायचे

मधुमेहाने हिरडीचे आजार बळावतात, हे खरे आहे. पण साखर रक्तातून सगळ्या तोंडात फिरते. बत्तीस जागांपैकी एकाच जागी रक्त आणि पू येत असेल, शेजारची दाढ कोरडी ठणठणीत असेल, तर कारण त्या जागेत शोधायचे. दुसऱ्या महिन्यात एवढा एक विचार झाला असता तर पुढचे नऊ महिने वाचले असते.

गोळ्यांनी आराम पडला, यानेही दिशाभूल झाली. सिमेंटचा कण हा जंतूंना घर मिळवून देणारा खडबडीत पृष्ठभाग असतो. प्रतिजैविकाने त्या घरातले रहिवासी काही दिवस कमी होतात, घर तिथेच राहते. औषध चालू असताना बरे आणि थांबवल्यावर तीन-चार आठवड्यांत पुन्हा तेच, असे दोनदा झाले की तिसरा कोर्स लिहू नये. आत काहीतरी आहे, असे गृहीत धरून शोध सुरू करावा.

तिसरी चूक साधी होती. पहिल्या नऊ महिन्यांत प्रोब, म्हणजे हिरडीच्या खाचेची खोली मोजायची बारीक सळई, एकदाही वापरली गेली नाही. इम्प्लांटभोवती प्रोब घातला तर पकड सुटते, असा समज अजून बऱ्याच दवाखान्यांत आहे. हलक्या हाताने, साधारण ०.२५ न्यूटन जोराने म्हणजे २५ ग्रॅम वजनाएवढ्या दाबाने प्रोब घातल्यास अपाय होत नाही. उलट सहा जागी मोजलेली खोली हाच पुढच्या सगळ्या निर्णयांचा पाया असतो.

हिरडीतज्ज्ञांच्या पहिल्या तपासणीत गालाच्या बाजूची खोली ३, ४, ४ मिमी आली आणि जिभेच्या बाजूची ७, ८, ६ मिमी. प्रोब बाहेर काढताच जिभेच्या बाजूने रक्त आणि मागोमाग पू आला. ७ मिमीच्या जागी प्रोबचे टोक मऊ तळाला टेकायच्या आधी एका कडक, खरखरीत कडेला अडखळत होते. टायटॅनियमवरून प्रोब गुळगुळीत सरकतो, हाडाला टेकल्यावर घट्ट थांबतो. हा स्पर्श दोन्हींपेक्षा वेगळा होता, दातावरच्या जुन्या किटणासारखा.

दुसरा निर्णयबिंदू: एक्स-रे “स्वच्छ” असताना

आरव्हीजीवर, म्हणजे दाताच्या डिजिटल एक्स-रेवर, खुंटाभोवती कुठलाही पांढरा ठिपका नव्हता. इथे बरेच जण थांबतात. थांबू नये, याची कारणे दोन.

एक म्हणजे दिशा. तोंडातला एक्स-रे गालाकडून जिभेकडे जातो. त्यामुळे इम्प्लांटच्या पुढच्या आणि मागच्या बाजूला काय आहे ते दिसते. गालाच्या आणि जिभेच्या बाजूला असलेला कण टायटॅनियमच्या पांढऱ्या सावलीत लपतो. सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, काढावा तर धातूभोवती पट्टे आणि काळे डाग उमटतात, आणि नेमकी हवी ती २ मिमी जागा त्यातच हरवते. या प्रकरणात म्हणूनच सीबीसीटीचा विचार करून तो टाळला.

दुसरे म्हणजे सिमेंटची जात. झिंक फॉस्फेट आणि झिंक ऑक्साइड-युजेनॉल यांत जस्त असल्याने ती एक्स-रेवर ठळक दिसतात. काही रेझिन सिमेंटे, त्यांतली काही तर खास इम्प्लांटसाठी म्हणून विकली जाणारी, पातळ थरात जवळपास दिसतच नाहीत. पहिल्या दवाखान्याला फोन करून सिमेंट विचारले तेव्हा मेथॅक्रिलेट जातीचे रेझिन सिमेंट निघाले. म्हणजे एक्स-रेवर काही न दिसणे हा या रुग्णात पुरावाच नव्हता.

हाडाची पातळी मात्र त्याच एक्स-रेने सांगितली. कॅपसाठी माप घेतानाचा एक एक्स-रे रुग्णाने मोबाईलमध्ये जपून ठेवला होता. त्यात हाड इम्प्लांटच्या मानेपर्यंत होते. आता पुढच्या बाजूला दोन आटे उघडे दिसत होते. त्या इम्प्लांटच्या दोन आट्यांमधले अंतर ०.८ मिमी, म्हणजे १.६ मिमी हाड गेले होते. आटे मोजण्याची ही पद्धत साधी आणि भरवशाची आहे. एक्स-रे थोडा लांबट किंवा आखूड आला तरी आटेही त्याच प्रमाणात बदलतात.

रक्त किंवा पू, वाढलेली खोली आणि सुरुवातीच्या झिजेपलीकडे गेलेले हाड, या तिन्ही गोष्टी असल्या की हिरडी आणि इम्प्लांटच्या आजारांवरील २०१७ च्या जागतिक कार्यशाळेच्या व्याख्येनुसार निदान पेरी-इम्प्लांटायटिस, म्हणजे इम्प्लांटभोवतीची हाड झिजवणारी सूज, होते. आधीची नोंद नसेल तर त्याच व्याख्येत ६ मिमी किंवा अधिक खोली आणि ३ मिमी किंवा अधिक खाली गेलेले हाड असा निकष आहे. इथे जुना एक्स-रे होता म्हणून निदान लवकरच्या टप्प्यात पक्के करता आले.

निदान झाले तरी कारण शिल्लक होते. स्क्रू सैल झाल्यानेही असाच पू येतो, म्हणून कॅप दोन हत्यारांच्या मुठींमध्ये धरून हलवून पाहिली. हलली नाही. चाव्याचा भार कागदाने तपासला. शेजारच्या दाढेला कीड नव्हती आणि तिच्या मुळाशी काही नव्हते. अन्न अडकण्याची फट होती, पण ती मागच्या बाजूला. आजार जिभेच्या बाजूला होता. वाढलेल्या लालसर मांसाचा तुकडा पॅथॉलॉजीला पाठवायचे आधीच ठरवले. दोन आठवड्यांत न बरी होणारी कुठलीही वाढ आपल्याकडे तपासल्याशिवाय सोडू नये, रुग्ण तंबाखू खात नसला तरी.

सिमेंट इतके खोल जातेच कसे

नैसर्गिक दाताच्या मुळाला हिरडीचे तंतू आडवे रोवलेले असतात. ते कुंपणासारखे काम करतात आणि वरून दाबलेले सिमेंट तिथे अडते. इम्प्लांटभोवतीचे तंतू टायटॅनियमला रोवलेले नसतात, ते त्याच्याभोवती कडे करून किंवा त्याला समांतर धावतात. कॅप दाबली की सिमेंटला बाहेर पडायला वरचा आणि खालचा असे दोन्ही मार्ग मोकळे असतात. सांधा हिरडीखाली खोल असेल तर वरचा मार्ग लांब पडतो आणि सिमेंट खाली उतरते.

प्रमाणाचा हिशेबही करून पाहावा. ५ मिमी व्यासाचा आणि ५ मिमी उंचीचा खुंट धरला तर कॅप चिकटायचा त्याचा पृष्ठभाग सुमारे ९८ चौरस मिमी होतो. कॅप आणि खुंट यांच्यात ४० मायक्रॉनची फट असेल तर लागणारे सिमेंट ४ घन मिमीच्या आसपास. कॅपच्या पोकळीचे आकारमान मात्र ९८ घन मिमी. दातावरच्या कॅपच्या सवयीने ती निम्मी भरली, तर सुमारे ४५ घन मिमी सिमेंट, तांदळाच्या तीनेक दाण्यांएवढे, कुठेतरी बाहेर पडणारच. पुसलेल्या कापसावर त्यातले किती आले हे कोणी मोजत नाही.

अमेरिकेतील हिरडीतज्ज्ञ थॉमस विल्सन यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३९ रुग्णांचे ४२ आजारी इम्प्लांट बारीक दुर्बिणीने पाहिले. त्यांपैकी ८१ टक्क्यांभोवती उरलेले सिमेंट सापडले आणि ते काढल्यावर ७४ टक्क्यांमध्ये आजाराची लक्षणे गेली. काही रुग्णांना त्रास चारच महिन्यांत झाला, काहींना नऊ वर्षांनी. त्यामुळे “कॅप बसवून वर्ष झाले, आता सिमेंटचा काय संबंध” हा युक्तिवाद टिकत नाही.

कोणते पर्याय होते

आणखी एक कोर्स आणि वाट पाहणे हा पर्याय तीनदा वापरून झाला होता. तो पहिल्या पाच मिनिटांतच बाजूला पडला.

बधिर करून, हिरडी न उघडता क्युरेटने खरवडणे हा सोपा आणि स्वस्त पर्याय. सिमेंट वरच्या २–३ मिमीत असते तर हाच निवडला असता. पण ८ मिमी खोलीवर हात आंधळा असतो. कण सुटण्याऐवजी तुटतो आणि त्याचा एक भाग आणखी खाली ढकलला जातो. आठव्या महिन्यातल्या स्केलिंगने हेच केले असावे, अशी शंका तेव्हाच नोंदवली होती.

कॅप ठोकून काढणे हा तिसरा. रेझिन सिमेंटने पक्की बसलेली कॅप हातोडीच्या ठोक्यांनी काढताना खुंटाचा स्क्रू वाकतो किंवा आत तुटतो. तुटलेल्या स्क्रूचे टोक इम्प्लांटमधून काढणे हे सिमेंट काढण्यापेक्षा कितीतरी अवघड काम.

कॅपला वरून भोक पाडून स्क्रूपर्यंत पोचायचे आणि कॅप व खुंट एकत्रच उलगडून काढायचे, हा चौथा. कॅप बहुधा वाया जाते, पण इम्प्लांट सुरक्षित राहतो आणि सांधा बाहेर आणून उजेडात पाहता येतो. त्यानंतर गरज वाटली तर हिरडी उघडायची.

इम्प्लांटच काढून टाकणे हा शेवटचा. १० मिमीपैकी ८ मिमीच्या वर हाड अजून शाबूत असताना त्याचा विचार घाईचा ठरला असता.

रुग्णाला चौथा पर्याय कॅपच्या खर्चासह समजावून सांगितला. त्यांनी एकच प्रश्न विचारला: “म्हणजे माझ्या शुगरमुळे नाही झालं हे?” उत्तर देताना शब्द जपून वापरावे लागले. साखरेमुळे बरे व्हायला वेळ लागू शकतो, पण एका दाढेपुरता पू साखरेने होत नाही, एवढे स्पष्ट सांगितले. आधीच्या डॉक्टरांबद्दल शेरा मारला नाही. आत काय सापडते ते पाहिल्याशिवाय तसे बोलण्याचा अधिकारही कोणाला नव्हता.

प्रत्यक्ष काय केले

पहिली अडचण हत्याराची. बाजारात इम्प्लांटच्या डझनावारी कंपन्या आहेत आणि स्क्रूच्या खाचेचे माप सगळ्यांचे सारखे नसते. चुकीच्या चावीने जोर लावला की खाच गोल होते आणि मग काहीच उलगडत नाही. रुग्णाकडे शस्त्रक्रियेच्या दिवशीचे स्टिकर लावलेले कार्ड होते. त्यावर कंपनी, व्यास, लांबी, लॉट क्रमांक सगळे होते. १.२५ मिमी षटकोनी चावी लागणार हे त्यावरून आधीच कळले.

लिग्नोकेन २ टक्के, अ‍ॅड्रेनॅलिन १:८०,००० सह, याने खालच्या जबड्याची नस बधिर केली. घशासमोर उघडून पसरलेला गॉजचा तुकडा ठेवला आणि चावीच्या मुठीला फ्लॉसचा लांब दोरा बांधून त्याचे टोक तोंडाबाहेर राहू दिले. ओल्या हातमोज्यातून एवढीशी चावी सहज निसटते. तोंडात राहिलेली वस्तू काढायला जाऊन दुसरी वस्तू घशात जाऊ नये, यासाठी ही दोन मिनिटे खर्चायचीच.

चावण्याच्या पृष्ठभागाच्या मधोमध पाण्याच्या धारेखाली ड्रिलच्या डायमंड बरने सिरॅमिकचा थर कापला आणि धातू लागल्यावर कार्बाइड बर घेतला. भोक २.५ मिमी रुंद. खाली सिमेंटचा थर आणि त्याखाली स्क्रूवर ठेवलेला कापसाचा बोळा लागला. बोळा काळपट, कुजका वास येणारा होता. खाच पूर्ण स्वच्छ करून चावी तळापर्यंत बसल्याची खात्री झाल्यावरच उलट फिरवली. कॅप आणि खुंट एकत्र बाहेर आले.

गॉजवर ठेवून हवेने सुकवल्यावर चित्र स्पष्ट झाले. जिभेच्या बाजूला सांध्याच्या खाली, खुंटाच्या मानेवर, चंद्रकोरीसारखा पिवळट पांढरा थर चिकटलेला होता, ३ मिमी रुंद आणि दीड मिमी उंच. त्याची खालची कड सरळ तुटलेली होती. तिच्या शेजारी टायटॅनियमवर चमकदार समांतर ओरखडे होते, स्टीलच्या हत्याराचे.

तिसरा निर्णयबिंदू इथे आला. कारण सापडले, पुरावा हातात आहे, रुग्ण दमलेला आहे, इथेच थांबायचा मोह होतो. पण तुटलेली कड सांगत होती की थराचा उरलेला भाग कुठेतरी गेला आहे. तो खुंटावर नाही आणि आठव्या महिन्यातल्या स्केलिंगच्या नोंदीत कण बाहेर आल्याचा उल्लेख नाही. मग तो हिरडीतच असणार. फ्लॅप, म्हणजे छेद घेऊन उचलायचा हिरडीचा पदर, उघडायचे ठरले.

दाढेच्या मानेभोवतीच छेद घेतला आणि तो पुढे-मागे एकेका दातापर्यंत नेला. जिभेच्या बाजूला उभा छेद घेतला नाही, कारण तिथे जिभेची नस जवळून जाते. फ्लॅप हाडापासून सावकाश उचलला. इम्प्लांटभोवती खड्ड्यासारखी झीज होती. जिभेच्या बाजूला तीन आटे उघडे होते, एक्स-रेवर दिसले त्यापेक्षा एक जास्त. खड्डा लाल, सहज रक्त येणाऱ्या मांसाने भरला होता. टायटॅनियमच्या क्युरेटने ते काढून पॅथॉलॉजीच्या बाटलीत ठेवले.

दुसरा तुकडा लगेच दिसला नाही. ओले सिमेंट आणि ओले हाड एकाच रंगाचे दिसते. सलाइनने धुऊन, सक्शनने कोरडे करून, गॉज एक मिनिट दाबून धरल्यावर खड्ड्याच्या तळाशी, तिसऱ्या आट्यात रुतलेला २ मिमीचा कण हाडापेक्षा पांढरा आणि निस्तेज दिसला. क्युरेटच्या टोकाने त्याला खालून उचलले, तसा तो अखंड निघाला. चंद्रकोरीच्या तुटक्या कडेला तो जुळला. आता शोध संपला असे म्हणता येत होते.

आटे प्लॅस्टिक टोकाच्या अल्ट्रासोनिकने आणि भरपूर सलाइनने स्वच्छ केले. खड्ड्यात कृत्रिम हाड भरावे का, यावर विचार झाला. नुकताच पू असलेल्या जागी भरलेले हाड टिकण्याची खात्री कमी, म्हणून नाही म्हटले. जुना खुंट परत न लावता हिरडी बरी होईपर्यंत इम्प्लांटवर हिलिंग कॅप, म्हणजे स्क्रूने बसणारे तात्पुरते झाकण, लावली. ५-० विक्रिलचे दोन टाके. अमॉक्सिसिलिन ५०० मिग्रॅ दिवसातून तीनदा पाच दिवस, आयब्युप्रोफेन जेवणानंतर, क्लोरहेक्सिडिन ०.२ टक्के दोन आठवडे. प्रतिजैविक इथे द्यावे की नाही, यावर मतभेद होऊ शकतो. रुग्ण मधुमेही, पू होता आणि हाड उघडले होते, म्हणून दिले. आधीच्या तीन कोर्सांच्या वेळी आत सिमेंट होते, या वेळी ते निघालेले होते.

परिणाम

नवव्या दिवशी टाके काढले तेव्हा पू नव्हता. तिसऱ्या आठवड्यात प्रोबने रक्त येणे थांबले. पॅथॉलॉजीचा अहवाल जुनाट सूज आणि परकीय कणांभोवती जमलेल्या पेशी असा आला, इतर काही नाही.

सहाव्या आठवड्यात जिभेच्या बाजूची खोली ४, ४, ३ मिमी. तीन महिन्यांनी नवी कॅप केली. ती थेट स्क्रूने बसणारी होती, सिमेंट मुळीच नाही. नवा स्क्रू कंपनीने सांगितलेल्या ३० न्यूटन सेंटिमीटरला घट्ट केला, भोकात टेफ्लॉनची टेप आणि वर दाताच्या रंगाचे भरण, कंपोझिट.

वर्षाने हाड तिथेच स्थिर आहे. गेलेले हाड परत आलेले नाही आणि तसे आश्वासन आधीही दिले नव्हते. जिभेच्या बाजूला हिरडी १ मिमी खाली गेली असून धातूची बारीक कड आरशात दिसते. मागच्या फटीसाठी रोज रात्री इंटरडेंटल ब्रश वापरावा लागतो. सकाळची खारट चव गेली.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठा बदल कॅप बसवण्याच्या दिवशीचा. खरे तर त्याच्याही आधीचा: सांधा हिरडीच्या कडेला किंवा फार तर १ मिमी खाली येईल असा खुंट लॅबकडून करून घ्यायला हवा होता. तयार खुंट स्वस्त पडतो, पण जाड हिरडीत तो सांधा खोल गाडतो. मागच्या दाढांना, जिथे वरचे भोक दिसले तरी चालते, तिथे स्क्रूने बसणारी कॅप हा पहिला विचार असावा.

सिमेंट वापरायचेच असेल तर खुंटाची नक्कल करून घेणे सोपे आहे आणि त्याला लागणारे साहित्य प्रत्येक दवाखान्यात असते. कॅपच्या आतून टेफ्लॉनच्या टेपचा एक थर नीट दाबून बसवायचा. नळाच्या सांध्याला लावतात तीच पांढरी टेप, ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करून. त्यात चाव्याची नोंद घ्यायचे लवकर घट्ट होणारे सिलिकॉन भरायचे, धरायला वर दांडी ठेवायची. घट्ट झाल्यावर ओढून काढले की खुंटापेक्षा किंचित लहान नक्कल मिळते. टेप काढून टाकायची. सिमेंट लावलेली कॅप आधी तोंडाबाहेर या नकलेवर दाबायची. जास्तीचे सिमेंट तिथेच बाहेर येते, ते पुसायचे, आणि आतला पातळ थर घेऊन कॅप लगेच तोंडात बसवायची. अर्ध्या मिनिटाचे जादा काम आहे, म्हणून सावकाश घट्ट होणारे सिमेंट निवडावे.

हिरडीत दोरा घालून मग कॅप चिकटवणारेही आहेत. दोरा सिमेंट अडवतो हे खरे, पण सिमेंटमध्ये भिजून त्याचे तंतू आतच राहतात आणि तेही याच आजाराला आमंत्रण देतात. घातलाच तर एकच अखंड तुकडा, टोक बाहेर, आणि काढल्यावर त्याची लांबी पाहायची.

सिमेंट एक्स-रेवर दिसणारे असावे. बसवल्यावर लगेच एक आरव्हीजी, आणि दोन आठवड्यांनी फक्त हिरडी पाहण्यासाठी बोलावणे. आठ आठवड्यांनी सहा जागांची खोली मोजून लिहून ठेवणे, म्हणजे पुढे वाढ झाली तर तुलना करायला आकडे असतात. या रुग्णात तसे आकडे असते तर आठवा महिना उजाडलाच नसता.

हिरडीतज्ज्ञांकडूनही एक गोष्ट सुटली. स्टीलच्या हत्याराने ओरखडलेला खुंट आणि दोन्ही तुकडे यांचे फोटो शस्त्रक्रियेच्या वेळी एकाच कोनातून, मोजपट्टीसह घ्यायला हवे होते. घाईत दुसऱ्या तुकड्याचा फोटो मोजपट्टीशिवाय निघाला आणि पत्रात त्याचे माप लिहून द्यावे लागले.

ते पत्र पहिल्या डॉक्टरांना लिहावे का, हाही एक निर्णय होता. न लिहिणे सोयीचे होते. पण त्यांनी त्याच सिमेंटने, त्याच पद्धतीने इतर रुग्णांच्याही कॅप बसवलेल्या असणार. रुग्णाला विचारून, त्यांच्या संमतीने, फोटो आणि खोलीच्या आकड्यांसह पत्र गेले. दोषाचा शब्द त्यात नव्हता. काय सापडले, कुठे सापडले आणि सिमेंट एक्स-रेवर का दिसले नाही, एवढेच होते. आठवड्याने त्यांचा फोन आला. नव्या कॅपचा लॅबचा खर्च त्यांनी स्वतःहून उचलला, आणि मागच्या दोन वर्षांत सिमेंटने बसवलेल्या इम्प्लांटच्या रुग्णांना हिरडी तपासायला बोलावणे सुरू केले. त्यांच्याकडच्या रुग्णांना मिळणाऱ्या कार्डावर आता इम्प्लांटच्या स्टिकरखाली आणखी दोन ओळी असतात: वापरलेल्या सिमेंटचे नाव आणि कॅप बसवल्यानंतरच्या एक्स-रेची तारीख.